हॅकर याच खोलीत आहे

साहेबांचं अकाउंट हॅक झालेलं नाही, हे चौकीच्या त्या खोलीत फक्त दोघांना ठाऊक होतं. एक खुद्द साहेब. दुसरा त्यांच्या पोस्टी टाकणारा, म्हणून ज्याला सगळे पोस्टमन म्हणत, तो. पैकी साहेब खुर्चीत रेलून चहा पीत होते, आणि पोस्टमन बाकावर बसून टेबलावरच्या सीलबंद पिशवीकडे बघत होता. पिशवीत त्याचा फोन होता. फोन वाजत होता आणि त्यावर ‘आई’ असं दिसत होतं.

झालं होतं असं, की रविवारी साहेबांनी स्वतःच्या बोटाने लिहिलं, ‘मागच्या गल्लीतल्या मुसलमानांच्या दुकानातून औषधं घेऊ नका, कशात काय मिसळतील सांगता येत नाही.’ वर आपला हसरा फोटो.

“साहेब, हे नको,” पोस्टमन म्हणाला होता.

“तू राहू दे. मीच टाकतो.”

मागच्या गल्लीत औषधांचं दुकान एकच होतं. ते चालवणाऱ्या बाईंच्या वडिलांनी दिलेल्या गोळ्या खाऊन अर्धी वस्ती लहानाची मोठी झालेली. तरी सोमवारपासून दुकान ओस पडलं. एक आजोबा तेवढे आले, तेही अर्धी संपलेली खोकल्याची बाटली परत करायला. बाईंनी बाटली परत घेतली, दुकानाला कुलूप लावलं आणि थेट चौकी गाठली.

तक्रार झाल्याचं कळताच पक्षाने साहेबांना कळवलं, आधी हे निस्तरा, मग उमेदवारीचं बघू. साहेबांनी मग अशा वेळी जे म्हणायचं असतं ते म्हटलं. अकाउंट हॅक झालंय, रविवारपासून मला उघडताच येत नाही, असं सहीनिशी लिहून दिलं. यात एरवी काही धोका नसतो. हॅकर कधी सापडत नाही, कारण तो कुणी शोधतच नाही.

पण चौकीतल्या निरीक्षक मॅडम नव्या होत्या. सायबर गुन्ह्यांचं प्रशिक्षण घेऊन आल्यापासून त्यांच्या वाट्याला रिक्षात विसरलेल्या मोबाइलांपलीकडे काही आलं नव्हतं. हॅकिंग म्हटल्यावर त्यांचा चेहरा असा उजळला, की साहेबांना तिथेच काळजी वाटायला हवी होती.

“पोस्ट पुरावा आहे, कुणी काढायची नाही,” मॅडमनी बजावलं. “पासवर्ड कुणाकुणाकडे होता?”

“मी आणि हा.”

“तुम्ही तर फिर्यादी.”

“तेच ना,” साहेब म्हणाले.

सगळ्यांनी पोस्टमनकडे पाहिलं. मॅडम अटकेचे कागद तयार करायला आत गेल्या, तसे साहेब त्याच्या कानाशी वाकले.

“थोडे दिवस काढ आत. आईचं मी बघतो. आत जाऊन आलेल्या माणसाला पक्षात किती मान असतो माहितीये तुला?”

“मग तुम्हीच जा ना, साहेब.”

“मला आहे की मान,” साहेब म्हणाले, आणि खुर्चीत परतून आपला फोन बघू लागले.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला औषधवाल्या बाई जबाबासाठी बसल्या होत्या. तो हळूच त्यांच्याकडे सरकला.

“तूच ना रे तो?” बाईंनी विचारलं.

“मी नाही, बाई. आईशप्पथ.”

“आईचा फोन उचल आधी.”

“पिशवीत आहे तो. बाई, एक काम कराल? त्या पोस्टखाली साहेबांचं थोडं कौतुक करा.”

“माझं दुकान बसलंय. आणि मी कौतुक करू?”

“पोस्टचं नको. साहेबांचं करा. आमच्याकडे कामाची वाटणीच आहे तशी. शिव्यांना मी उत्तर द्यायचं, कौतुकाला साहेब स्वतः देतात. त्यांना राहवतच नाही.”

“माझं नाव दिसेल ना त्यांना.”

“नाव कुठे वाचतात ते? कौतुक वाचतात.”

बाईंनी आपल्या फोनवर पोस्ट उघडून साहेबांचा हसरा फोटो बराच वेळ न्याहाळला. त्यात कौतुक करण्यासारखं काही सापडेना. शेवटी त्यांनी खोटंच लिहिलं, ‘वजन कमी झाल्यासारखं वाटतंय.’

मॅडम कागद घेऊन बाहेर आल्या. “इथे सही कर.”

पोस्टमनने पेन हातात घेतलं. पेन चालेना. त्याने ते झटकलं, पुन्हा टेकवलं. आता ते चालायला लागलं. समोर साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला होता.

बाईंचा फोन टुणकन वाजला.

“मॅडम,” बाई शांतपणे म्हणाल्या, “हॅकरचं उत्तर आलंय मला.”

“काय म्हणतो?”

“‘रोज पहाटे चालतो. गोड बंद केलंय. धन्यवाद.’”

मॅडमनी धावत जाऊन दाराला कडी घातली. “तो आत्ता ऑनलाइन आहे. कुणी हलायचं नाही.”

साहेबांनीही दचकून मागे वळून पाहिलं. पोस्टमनचे दोन्ही हात कागदावर होते. त्याचा फोन पिशवीत होता. त्यावर आईच होती. मॅडमची नजर सगळीकडे फिरून साहेबांच्या अंगठ्यावर येऊन थांबली.

“फोन द्या इकडे. अकाउंट उघडत नव्हतं ना तुमचं?”

“ते तेवढं वजनाचं मी लिहिलं,” साहेब म्हणाले.

“म्हणजे पोस्ट हॅकरची आणि कौतुकाला उत्तर तुमचं?”

“कौतुक माझं होतं, मॅडम.”

अटकेचा कागद फाटला आणि नवा कागद निघाला. साहेब उठून औषधवाल्या बाईंपुढे हात जोडून उभे राहिले. “ताई, माफी मागतो. इथल्या इथे मिटवू.”

“तुम्ही इथे नव्हतं लिहिलंत,” बाई म्हणाल्या. “जिथे लिहिलंत तिथे मागा.”

“गुन्हा तरीही नोंदवला जाणार,” मॅडमनी सांगून टाकलं.

साहेबांनी फोन मागून घेतला आणि पोस्टमनपुढे धरला. पोस्टमनने हात मागे घेतले. मग मॅडमच्या देखत साहेब एका बोटाने लिहीत बसले. मी लिहिलं ते खोटं होतं, मागच्या गल्लीतल्या लोकांची माफी मागतो, त्या दुकानातून औषधं बेलाशक घ्या. पोस्ट गेली. फोन लगेच पुन्हा जप्त झाला.

मॅडमनी परत दिलेली पिशवी उघडून पोस्टमनने आईला फोन लावला. “निघालोच,” तो म्हणाला.

तेवढ्यात बाहेरून दार धडाधड वाजलं. कडी काढताच साहेबांचे कार्यकर्ते आत घुसले. सगळ्यांत पुढच्याने आपला फोन मॅडमच्या नाकासमोर धरला.

“आमच्या साहेबांचं अकाउंट पुन्हा हॅक झालंय. माफी मागितलीये त्यावर. आमचे साहेब जन्मात असं लिहायचे नाहीत.” त्याने पोस्टमनची कॉलर पकडली. “हाच तो. तक्रार लिहून घ्या.”

पोस्टमनचा फोन मॅडमच्या हातात गेला. त्यातून आई ‘हॅलो, हॅलो’ करत होती. मॅडम थकून खुर्चीत बसल्या आणि त्यांनी साहेबांकडे पाहिलं. बाईंनी पाहिलं. सगळे कार्यकर्तेही मोठ्या भक्तिभावाने साहेबांकडेच बघत होते.

“सांगा ना, साहेब,” पुढचा म्हणाला. “कुणी लिहिलं?”

“मी,” साहेब म्हणाले. मग कुणी हलेना, म्हणून आणखी हळू आवाजात म्हणाले, “दोन्ही मीच.”