बाबांना दोन वाजता दुखतं
दुपारचे दोन वाजले की बाबांच्या पाठीत कळा सुरू होत, आणि वेदनाशामक औषधाची वेळ होती चारची. मधले दोन तास बाबा पलंगाची कड घट्ट धरून छताकडे बघत पडून राहत. औषध थोडं आधी देता येईल का, एवढाच त्यांच्या धाकट्या लेकीचा प्रश्न होता. तो डॉक्टरांना विचारावा म्हणून ती खोलीबाहेर उभी राहिली. चूक तिथेच झाली.

ज्यांचा आजार आता बरा होणार नाही, अशांचं ते शुश्रूषागृह. बरं करायचं नाही, पण दुखू द्यायचं नाही, असं तिथलं सरळ काम. मात्र गेल्याच महिन्यात तिथे ‘संवाद सुधारणा व काळजीवाहक आधार कक्ष’ स्थापन झाला होता, आणि संवाद सुधारल्यापासून डॉक्टरांशी बोलायला बंदी होती.

“असं येता-जाता गाठणं म्हणजे असंघटित संवाद, ताई,” समन्वयक बाईंनी तिला मायेने बाजूला घेतलं. “त्याचा डॉक्टरांवर ताण येतो, तुमच्यावरही येतो. आधी संवाद-विनंती अर्ज भरा.”

अर्ज सहा पानी होता. बाबांनी तो उशीवर पडल्या पडल्या वाचला. उभा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलेला माणूस. कळ येत असतानाही हात पेन्सिलीकडे गेलाच.

“‘सहानुभूती’तला भू दीर्घ हवा,” ते म्हणाले. “आणि हे बघ, ‘रुग्णाचे मत’ या रकान्यात आधीच ‘लागू नाही’ छापून ठेवलंय.”

“राहू द्या हो बाबा.”

“राहू कसं द्यायचं? रुग्ण मी आहे.”

दोन दिवसांनी धाकटीला समुपदेशकांनी बोलावलं. त्यांच्या टेबलावर कागदी रुमालांचा डबा होता आणि तो त्यांनी तिच्याकडे आगाऊच सरकवला.

“तुम्हाला कसं वाटतंय?”

“मला काही होत नाहीये. बाबांना दुखतंय. दोन ते चार.”

समुपदेशकांनी ‘स्वतःच्या भावना नाकारतात’ असं लिहून घेतलं आणि तिला ‘ऐकण्याची कला’ या तीन दिवसांच्या कार्यशाळेला घातलं. वेळ, दुपारी दोन ते चार.

कार्यशाळेत बारा काळजीवाहक होते. कुणाची आई आत होती, कुणाचा नवरा, एकीची जुळी बहीण. कित्येक आठवड्यांत त्यांच्यापैकी कुणीच सलग झोपलेलं नव्हतं. प्रशिक्षकांनी दिवे मंद केले आणि म्हटलं, “डोळे मिटा. आता शांतता ऐका.” पाचव्या मिनिटाला बाराच्या बारा जण गाढ झोपले. इतके एकाग्र श्रोते प्रशिक्षकांना उभ्या आयुष्यात मिळाले नव्हते. अहवालात ‘शंभर टक्के श्रवण’ अशी नोंद झाली.

तिसऱ्या दिवशी ताण मोजला. धाकटीला चाळीसपैकी अडतीस गुण पडले. ती पहिली आली. समन्वयक बाई गंभीर झाल्या. “एवढा ताण? मग आता रोज अर्धाच तास बाबांजवळ बसायचं. तुमच्याच भल्यासाठी हं.”

धाकटी काही दुधखुळी नव्हती. तिने फेरतपासणी मागितली आणि सगळ्या चौकटींत शून्य भरलं.

“छान!” बाई म्हणाल्या. “म्हणजे तुम्हाला कसलीच अडचण नाही.” आणि संवाद-विनंती अर्ज ‘गरज उरली नाही’ असा शेरा मारून निकाली काढला.

ती खोलीत आली तेव्हा तीन वाजत होते. पलंगाच्या कडेवर बाबांची बोटं पांढरी पडली होती.

“काय म्हणाले डॉक्टर?”

आठ दिवस ती “बघतो म्हणाले” असं सांगत आली होती. त्या दिवशी तिला ते जमेना. “बाबा, मी अजून त्यांच्यापर्यंत पोचलेच नाही,” ती म्हणाली आणि त्यांच्या पायांशी बसून रडली.

“अगं, मग मीच बोलतो,” बाबा म्हणाले. “माझी कुठे कार्यशाळा झालीय?”

दुसऱ्या दिवशी कक्षाचं काम बघायला पाहणी समिती आली. शेपटाला डॉक्टर होते. समितीच्या अध्यक्षांनी पलंगावर वाकून, बहिऱ्याशी बोलावं तसं विचारलं, “आजोबा, इथला संवाद कसा वाटतो?”

बाबांनी त्यांच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. “डॉक्टर, मला दोनला दुखतं. औषध चारला मिळतं. दोनला द्याल का?”

“अहो, मग आधी सांगायचं नाही का!” डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी तिथल्या तिथे वेळ बदलली.

समन्वयक बाईंचा चेहरा पडला. पण समितीने हिशेब केला आणि संवादाचा कालावधी नऊ दिवसांवरून अर्ध्या मिनिटावर आणल्याबद्दल कक्षाला प्रशस्तिपत्र दिलं.

त्यानंतरच्या दुपारी दोघांच्या झाल्या. “मी चाललोय, हे इथे सगळे आपसांत बोलतात,” बाबा एकदा म्हणाले. “आपण दोघंच तेवढे बोलत नाही.” मग ते बोलले. तिची आई, राहून गेलेली भांडणं, कुणाला काय द्यायचं, सगळं. मध्ये मध्ये हसलेही.

कक्षाला आता आधार द्यायचा होता. ‘काही लागलं तर सांग’ असं धाकटीला ज्यांनी ज्यांनी म्हटलं होतं, त्यांची यादी मागवली गेली. नावं एक्केचाळीस भरली. कक्षाने सगळ्यांना फोन केले: गुरुवारी दुपारी दोन तास बाबांजवळ बसाल का? एकाला दवाखान्याचा वास सोसत नव्हता. एकीला बाबांना असं बघवलं नसतं. दोघांचा गुरुवारचा उपास नेमका गुरुवारी होता. शेवटी मात्र प्रत्येकाने आवर्जून म्हटलं, “पण काही लागलं तर नक्की सांगा हं.” कक्षाने फायलीत लिहिलं: ‘आधार भक्कम.’

“वाक्यच चुकलंय,” बाबा म्हणाले. “‘काही लागलं तर सांग’ नाही. ‘मी गुरुवारी दोनला येतो’ असं हवं.”

गुरुवारी दोनला लॉन्ड्रीवाला आला. तीन आठवडे कपडे न्यायला कुणी आलं नाही, म्हणून गठ्ठा घेऊन विचारत विचारत पोचला होता. तो यादीत नव्हता. दारावर त्याला ‘आधार नाही, अभ्यागत’ अशी चिठ्ठी मिळाली. धाकटीकडे एकवार बघून तो म्हणाला, “ताई, तुम्ही पडा जरा. मी बसतो यांच्यापाशी.” ती बाहेरच्या बाकावर दोन तास झोपली.

बाबा पुढे सोळा दिवस जगले. दोनदा लॉन्ड्रीवाला पुन्हा येऊन बसला. गेले तेव्हा त्यांचा हात धाकटीच्या हातात होता, आणि दुखत नव्हतं.

यादीतल्या एक्केचाळीस जणांची नावं इथे देता आली असती. पण त्यांतले बरेच जण ही गोष्ट वाचत असण्याचा संभव आहे, आणि प्रत्येकाला ती दुसऱ्याच कुणाबद्दल आहे असं वाटून मनापासून हसू येत असेल. कशाला उगाच विरजण घाला?