गच्चीवरची देवराई

आमच्या नेरूळच्या सोसायटीत जिन्याखाली माझं इस्त्रीचं टेबल अजून उभं आहे, ते पेडणेकरकाकांमुळे. मी नवी होते, कमिटीवाले मला उठवायला आले, तेव्हा काका मध्ये पडले. "ही चंदगडची. माझ्या झाडांच्या माहेरचं माणूस. हिला हलवायचं नाही!"

झाडं म्हणजे गच्चीवरच्या तीन कुंड्या. काकांकडे कुणीही आलं, की चहाआधी त्याला गच्चीवर नेतात. "आधी रीतसर वास घ्या." बेलापूरच्या सरकारी ऑफिसात जन्म घालवलेला माणूस, त्यांचं शिंकणंसुद्धा रीतसर. जो नाक दाबेल, त्याच्या चहात साखर नाही.

वास तरी कसला! झाडाचं नावच नरक्या. पावसाळ्यात फुलला की वरच्या दोन मजल्यांच्या खिडक्या बंद. मला पहिल्यांदा नेलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. काकांचा चेहरा पडला. "तुलापण सोसत नाही?"

"तसं नाही हो काका. घर आठवलं."

त्या दिवशी चहात दोन चमचे साखर जास्त होती.

आमच्याकडच्या दाट जंगलात नरक्या पूर्वी पायलीला पन्नास. मग त्याच्यापासून औषध होतं हे कळलं आणि माणसांनी तो मुळासकट ट्रक भरभरून नेला. उरलेलं जंगल काजूसाठी, बंगल्यांसाठी साफ होतंय.

यंदा फुलं आली, वासाच्या तक्रारी झाल्या आणि कमिटीने ठरवलं, रविवारी कुंड्या बाहेर. काका जेवेनात. मला वेगळीच धास्ती, काकांचं चाललं नाही तर माझ्या टेबलाला कोण वाली? त्यांना धीर द्यायला काहीबाही बोलत होते. मी म्हणाले, "आमच्या गावात देवराईतली वाळकी काटकीसुद्धा कुणी उचलत नाही. देव कोपतो."

काका ताडकन उठले. "मग आपणही करू. रीतसर!"

रविवारी सेक्रेटरी सावंत मजूर घेऊन गच्चीवर गेले, तर कुंड्यांना लाल फडकं आणि पुढे नारळ. सावंत मूळचे कोकणातले. चपला काढून मागे सरकले. "आधी बोलायचं ना काका! फुकटचं टेन्शन."

पण देव बसला की भक्त आलेच. उदबत्त्या, बारावीच्या मार्कांचे नवस. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी तर तांब्याभर दूध ओतायला निघाल्या. काका आडवे आले. "अहो, मुळं कुजतील! या देवाला साधं पाणी चालतं." ज्यांनी तक्रार केली होती, तेच आता छाती भरून वास घेतात. प्रसाद म्हणून.

एका संध्याकाळी मी विचारलं, "काका, या झाडात तुमचा एवढा जीव का?"

ते कुंडीतलं तण काढत राहिले. "तुझ्या काकीला कॅन्सरचं औषध चालू होतं ना, ते याच झाडापासूनचं. दोन वर्षं जास्त मिळाली गं आम्हाला. कुठल्या डोंगरावरचं तोडलं असेल? त्याला कुणी विचारलं? ते परत करायचंय. पण हे गुडघे डोंगर चढू देत नाहीत."

तेव्हा मी नुसतं त्यांच्याबरोबर तण काढलं. आता बोलते. काका, गावी जाईन तेव्हा एक कुंडी मांडीवर घेऊन जाईन. एसटीतली सगळी माणसं नाकाला पदर लावू देत. आमच्या देवराईत लावीन, काकींच्या नावानं.

आणि देवाला आधी विचारून. रीतसर.