टेकडीवरून दिसलेली गच्ची

माझी नजर म्हणजे घार. बाहत्तरावं लागलं, तरी चष्मा नाही. (मागच्या आठवड्यात मी विजेच्या खांबाला ‘रामराम, रुपरावजी’ म्हणालो, ती गोष्ट वेगळी. तो काही बोलला नाही म्हणून रागावलोही.) आमच्या गल्लीतला खरा रुपराव मागेच उभा होता. माझ्याआधी त्यानं बातमी घरी पोचवली आणि आमच्या सौ. गोपिकाबाईंनी मोतीबिंदूचं ऑपरेशन जाहीर केलं.

ऑपरेशनला मी भीत नाही. (सुईला भितो, डॉक्टरला भितो आणि नंतर घालायच्या काळ्या चष्म्याला भितो. बाकी काही नाही.) म्हणून पैज लावली. सेमिनरी हिल्सच्या टेकडीवरून महाल भागातली आपली गच्ची दाखवतो. दिसली तर ऑपरेशन कॅन्सल. तिलाही दूरचं बेताचंच दिसतं, तपासणार कोण? शिवाय तिथला सूर्यास्त पाहायचा म्हणून ती वीस वर्षं मागं लागली होती आणि मी वीस वर्षं ‘पुढच्या रविवारी’ म्हणत होतो.

ती लगेच कबूल झाली. (तिथंच मला कळायला हवं होतं.) अडचण एकच. गच्चीवर लेकीसाठी, नंदिनीसाठी, घातलेल्या कुरड्या वाळत होत्या. त्या राखायच्या कोणी?

“अवं, मी वरून पाहतो न,” मी म्हटलं. “कावळा आला का तुले सांगतो.”

रविवारी ती गच्चीचं दार लावायला म्हणून वर गेली, ती अर्ध्या तासानं आली. मी ऑटोत बसून हाका मारत होतो.

टेकडीवर पोचलो. खाली सगळं शहर, आणि मला दिसलं ते त्यावर सांडलेलं दूध. तिनं मात्र सूर्य बुडेपर्यंत डोळे हलवले नाहीत. डब्यातली सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, काढली, मोठा तुकडा मला दिला. मग हळूच विचारलं, “दिसली काय गच्ची?”

मी कपाळावर हात धरला. “दिसून राहिली न वं. त्या पाह्य, पांढऱ्याशुभ्र कुरड्या. कोपऱ्यात एक कावळा बसून राहिला.”

“कावळाही दिसते?”

“डाव्या पायानं लंगडते बिचारा.”

तिनं डब्याचं झाकण लावलं.

“कुरड्या मी निघायच्या आधीच शेजारी शामलाकडे नेऊन ठेवल्या. गच्ची रिकामी हाय. सोमवारी डोळ्याच्या डॉक्टरची वेळ घेतली हाय तुमच्यासाठी. त्या लंगड्या कावळ्यालेही संगं घेऊ, त्याचाही पाय दाखवून देऊ.”