साहेबांचे सुविचार आणि कचऱ्याचा फोल्डर

सर्व्हरवर फिल्टर बसला सोमवारी, आणि गुरुवारी सकाळी साहेबांचं तोंड एवढंसं झालं.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत विजेच्या पॅनेलसाठी पत्र्याचे डबे बनवणारी ही कंपनी. हर्षल तिथे कॉम्प्युटर सांभाळायचा. शिवाय प्रिंटरमध्ये अडकलेला कागद, गळका एसी आणि साहेबांच्या लेकीचे शाळेचे प्रोजेक्टही तोच सांभाळायचा. नोकरी कंत्राटी. अकरा महिने झाले की एक दिवस घरी बसायचं आणि दुसऱ्या दिवशी नवा माणूस म्हणून त्याच खुर्चीत येऊन टेकायचं. येवल्याच्या सायलीचं आणि त्याचं ठरल्यात जमा होतं, पण तिच्या वडिलांनी स्पष्ट सांगितलं होतं, पर्मनंट झालात की सुपारी फोडू. ते काही चुकीचं बोलत नव्हते. आपली पोर कोण अशी अकरा महिन्यांच्या बोलीवर देईल?

मधल्या काळात कंपनीत नको त्या मेलचा सुळसुळाट झाला. कुणाला परदेशातली लॉटरी लागली, कुणाला टकलावर केस उगवायचं तेल. त्या गर्दीत एका बड्या गिऱ्हाइकाची ऑर्डर बुडाली, तेव्हा कंपनीचे मालक रंगनाथसाहेब जागे झाले. "हर्षल, हे घाण मेल बंद कर," ते म्हणाले, "मग तुझा विषय एकदाचा मार्गी लावतो." हर्षलने त्याच दिवशी सायलीला ही बातमी सांगून टाकली. गाढवपणाच तो, पण माणूस आशेवरच जगतो.

हा फिल्टर नुसता बसवून भागत नव्हतं, त्याला शिकवावं लागायचं. सोमवारी तो चालू करण्याआधी आठवडाभर प्रत्येकाने नको असलेले मेल 'कचरा' नावाच्या फोल्डरमध्ये टाकायचे, त्यावरून तो आपोआप ओळखायला शिकणार. हर्षलने सगळ्यांना हे समजावलं आणि वर सांगितलं, कोण काय टाकतंय ते कुणाला दिसणार नाही. इथेच घात झाला. मतदान गुप्त आहे म्हटल्यावर माणसं खरं बोलतात.

आता साहेबांना एक खोड होती. रोज सकाळी ते फोनवरून सगळ्यांना सुविचार पाठवायचे. "कंपनी म्हणजे घर. घरात कुणी ओव्हरटाइम मागतं का?" अशा धाटणीचे. त्यांना मेल पाठवायची एकच रीत ठाऊक होती, सगळ्यांना. कॅन्टीनच्या भाजीत केस निघाला तरी तो मेल गेटवरच्या वॉचमनपर्यंत जायचा. सुविचाराला उत्तर दिलं नाही तर साहेब नाव लक्षात ठेवायचे. म्हणून अकाउंट्सच्या मोहिनीमॅडमनी मागे एकदा हर्षलला चहा पाजून गळ घातली होती, आणि त्याने स्वतःसकट एकेकाच्या मेलमध्ये सोय करून दिली होती. साहेबांचा मेल आला रे आला की "खूप छान विचार, साहेब, दिवस सार्थकी लागला" असं किंवा अशाच धर्तीचं उत्तर आपोआप, तेही सगळ्यांना, जायचं. कुणी काही वाचत नव्हतं आणि साहेब खूश होते. कंपनी सुखाने चालली होती.

गुरुवारी साहेबांनी हर्षलला केबिनमध्ये बोलावलं. सोमवारपासून एकाचंही उत्तर नाही, लोकांना झालंय काय, असं त्यांनी विचारलं.

हर्षलने सर्व्हर बंद करून चालू केला. वायरी काढून लावल्या. फिल्टर उडवून पुन्हा बसवला, पण शिकलेलं तो विसरायला तयार नव्हता. शेवटी त्याने फिल्टर विकणाऱ्या पुण्याच्या कंपनीला फोन लावला.

"सर, फिल्टर एकदम ओके आहे," तिकडचा पोरगा म्हणाला. "तुमच्या सगळ्या स्टाफने एकाच माणसाचे मेल कचऱ्यात टाकलेत. एवढी एकी आम्ही कुठल्या ऑफिसात पाहिली नाही."

हर्षलने कपाळाला हात लावला. कारण त्यानेही टाकले होते.

जिन्यात मोहिनीमॅडम आडव्या आल्या. "माझं नाव नको हं घेऊस, हर्षल. पोरीचं बारावीचं वर्ष आहे." हर्षलने कुणाचंच नाव घेतलं नाही. साहेबांना सांगितलं, सेटिंग माझ्याकडून चुकलं, अडकलेले मेल आत्ता सोडवतो, यापुढे तुमचा एकही मेल अडणार नाही. आता खरडपट्टी निघणार म्हणून तो मान खाली घालून उभा राहिला.

पण साहेबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "तुझं कौतुक वाटतं रे. सगळं कळूनसुद्धा मन लावून काम करतोयस."

काय कळून, ते हर्षलच्या ध्यानात आलं नाही. विषय मार्गी लागला, एवढंच त्याला समजलं. हरखून तो जागेवर आला, साहेबांना फिल्टरमधून कायमची सूट दिली आणि अडकलेले सगळे मेल एका झटक्यात सोडून दिले. सुविचार कोण वाचत बसतो? केबिनमधून साहेबांचा फोन टिणटिण वाजायला लागला, आणि काचेआड त्यांचा चेहरा फुलत गेला.

सायलीला फोन लावता लावता त्याची नजर मंगळवारच्या मेलवर पडली. बाकीच्या मेलचा विषय 'सुप्रभात' होता, याचा 'बचत'. त्याने उघडला.

"फिल्टर आता स्वतःच शिकतो असे समजले. सबब एक तारखेपासून हर्षल यांची गरज उरणार नाही. घर चालवायचे तर त्याग करावा लागतो."

खाली उत्तरांची रांग लागली होती. पहिलं मोहिनीमॅडमचं, "अतिशय प्रेरणादायी, साहेब." पाठोपाठ त्याचं स्वतःचं. "खूप छान विचार, साहेब, दिवस सार्थकी लागला. आपला, हर्षल."

तेवढ्यात साहेबांचा नवा मेल आला, अर्थात सगळ्यांना. "याला म्हणतात मोठं मन. हर्षलकडून शिका."

फिल्टरने तो अडवला नाही. मिनिटाच्या आत सगळ्यांची उत्तरं गेली. हर्षलचंही गेलं.