हळू आवाजातली मासेमारी

ड्रिलमास्तरांच्या सत्तराव्या वाढदिवसाला लेकीने त्यांना एक अख्खी बोट भेट दिली. म्हणजे सकाळपुरती.

"फक्त आपली, बाबा. परकं कुणी नाही. बोटवाला, गळ, आमिष, सगळं त्याचंच. किनारा दिसत राहील इतक्याच अंतरावर मासे पकडायचे आणि दुपारी जेवायला घरी!"

मास्तर काहीच बोलले नाहीत, म्हणजे त्यांना भरून आलं असणार. एरवी ते गप्प बसणाऱ्यांतले नव्हते. छत्तीस वर्षं शाळेच्या मैदानावर "साऽवधान!" ओरडून त्यांनी असा आवाज कमावला होता, की त्यांनी कानात सांगितलेलं गुपित शेजारच्या इमारतीत पोचायचं.

लेक लहान असताना दर सुट्टीत ते तिला घेऊन धक्क्यावर बसत. हातात दोरा, दोऱ्याला गळ आणि गळाला करंगळीएवढे मासे. "मोठे तिकडे असतात," म्हणून ते लांबच्या बोटींकडे हात करत. "एकदा जाऊ आपण." ते 'एकदा' तीस वर्षं राहून गेलं होतं.

नातीला सांभाळायला जावई घरी थांबणार होता, पण आदल्या संध्याकाळी साहेबांनी त्याला कामावर बोलावलं. सहा महिन्यांचं अंगावर पिणारं पोर ठेवणार कुणाकडे? नातही निघाली. जन्मल्यापासून तिने आईला सलग दोन तास झोपू दिलं नव्हतं. त्या सकाळी लेक दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून आली होती आणि ते तिला धक्क्यावर पोचल्यावर कळलं.

धक्क्यावर नातीने टाहो फोडला. बोटवाल्याने तिला छोटंसं लाइफ जॅकेट चढवलं तेव्हा तर आकाशपाताळ एक केलं. मग इंजिन सुरू झालं आणि नात एकदम गप्प. पाच मिनिटांत झोपलीसुद्धा.

माशांच्या जागी येऊन बोटवाल्याने इंजिन बंद केलं. नातीचा भोंगा सुरू. त्याने घाईघाईने इंजिन चालू केलं. भोंगा बंद.

"ताई, असं इंजिन चालू ठेवून नांगर कसा टाकू?"

"मग टाकू नका."

"आणि मासे?"

"अहो दादा, मासे रोजच असतात. ही दिवसा पहिल्यांदा झोपलीय!"

शेवटी तोड निघाली. बोट हळूहळू चालवायची आणि गळ मागून ओढत न्यायचा. "असेही लागतात कधी कधी," बोटवाला पडेल चेहऱ्याने म्हणाला.

"उत्तम!" मास्तर म्हणाले. शेजारून उडत चाललेले दोन पक्षी वळून परत गेले.

"बाबा, हळू!"

"हळूच तर बोललो."

"तुम्ही बोलूच नका ना."

मग खुणा ठरल्या. एक हात वर म्हणजे मासा लागला, दोन हात वर म्हणजे थांबा. मास्तरांना कुजबुजण्यापेक्षा खुणा बऱ्या वाटल्या.

अर्ध्या तासाने त्यांनी वळून पाहिलं, तर लेक पेंगत होती. बघता बघता ती बाकावर गुंडाळून ठेवलेल्या जाळ्यावर कलंडली. मास्तरांनी गळाची काठी बोटीच्या कडेच्या खोबणीत रोवली आणि नात मांडीवरून घसरायच्या आत तिला उचललं. नातीने डोळे उघडले. पण ती रडली नाही. तिला समोर मिशी दिसली होती. तिने ती मुठीत धरून जीव खाऊन ओढली. मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी आलं, तोंडातून ब्र नाही.

नेमकी तेव्हाच काठी वाकली.

मास्तरांनी हात वर केला. बोटवाल्याची पाठ! पाय आपटावा तर लेक उठणार. अखेर त्यांनी पायातली चप्पल काढून नेम धरून त्याच्या पाठीवर मारली. तो तणतणत वळला, काठी दिसताच राग विसरून धावला. दोघांनी तीन हातांनी, मुक्याने, ती झटापट केली. आणि पाण्यात चंदेरी पोट चमकलं. हातभर लांब. छे, हाताहून मोठा!

एवढं धूड नुसत्या दोऱ्यावर उचलता आलं नसतं. जाळं हवं होतं आणि जाळं लेकीच्या डोक्याखाली होतं.

"उठवू ताईंना?" बोटवाल्याने नुसते ओठ हलवले.

मास्तरांनी लेकीकडे पाहिलं. धक्क्यावरून परतताना ती अशीच त्यांच्या खांद्यावर झोपायची. तोंड उघडं, लाळ कॉलरवर. दाराची कडी वाजली तर ती उठेल, म्हणून ते पंधरा-पंधरा मिनिटं दाराबाहेर उभे राहत. बायको आतून म्हणायची, "अहो, स्वतःच्याच घरी पाहुण्यासारखे काय उभे राहता?"

"कापा," मास्तर म्हणाले.

"अं?"

मास्तरांचं बोलणं ऐकू न येण्याची ही आयुष्यातली पहिलीच वेळ. त्यांनी दोन बोटांची कात्री करून दाखवली. बोटवाल्याने आवाज न करता कपाळावर हात मारला आणि सुरी काढून दोरा कापला. मासा क्षणभर तिथेच तरंगला, त्याचाही विश्वास बसत नसावा. मग गेला.

"फिरवत राहा," मास्तरांनी हाताने सांगितलं आणि घड्याळ बघत बसले.

धक्का आला, इंजिन थांबलं, तशी लेक दचकून उठली. गालावर जाळ्याची नक्षी उमटली होती.

"अगं बाई, झोपले मी? बाबा, लागलं का हो काही?"

"छे! या समुद्रात मासेच नाहीत."

बोटवाल्याने तोंड उघडलं. मास्तरांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने ते मिटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी बागेत मित्रांनी त्यांना घेरलं. "काय मास्तर, मोठ्यात मोठा केवढा?"

"दोन तास दहा मिनिटं," मास्तर छाती काढून म्हणाले. "सलग!"