दामूकाकांचा तांडेल

हे मी लिहावं की नाही, मला अजून कळत नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि दामूकाकांवर लिहितोय तेही त्यांच्याच संगणकावर. चुकलं तर सांभाळून घ्या.

बोईसर स्टेशनजवळ काकांचं टायपिंगचं दुकान आहे. घराणं केळव्याचं, मासेमारीचं. पण काकांना बोट लागते, म्हणून ते चार संगणक घेऊन जमिनीवर राहिले. त्यांच्या पडद्यावर एक खिडकी कायम उघडी असते. चारही संगणकांवरच्या सगळ्या प्रोग्रामांची अक्षरं, आवाज, भाषा त्या एकाच ठिकाणाहून बदलतात. खिडकीच्या माथ्यावर काकांनी कागदाची चिठ्ठी चिकटवली आहे : 'तांडेल'.

"बोटीवर हुकूम एकट्या तांडेलाचा," ते म्हणतात. "जो तो सुकाणू धरील तर बोट जाईल कुठं?"

एकदा कारखान्यातला एक कामगार अर्ज घेऊन आला. "चाचा, बस मेरा नाम थोड़ा बड़ा कर दो." काकांनी तांडेलात अक्षर मोठं केलं. चारही संगणकांवर सगळंच मोठं झालं. कॅल्क्युलेटरमध्ये एक आकडाही मावेना. अर्ज अकरा पानांचा झाला.

"चाचा, सिर्फ नाम."

"एकाला एक, दुसऱ्याला दुसरं, असं आमच्याकडं नाय."

स्वतःच्या आवडीनिवडीही त्यांनी एका कागदावर छापल्यात. 'साखर कमी. तिखट कमी. केस कमी.' एक प्रत चहावाल्याकडे, एक न्हाव्याकडे. चहावाला विचारतो, "काका, केसांचं मी काय करू?"

तीन महिन्यांपूर्वी, बावन्नाव्या वर्षी, काका केळव्याशेजारच्या माहीमला स्थळ बघायला गेले. बाई विधवा, शिवणकाम करणाऱ्या, नाव मंदाताई. काकांनी तिथेही कागद दिला, खाली मेलचा पत्ता. बाईंचा भाऊ म्हणाला, "पसंती कळवतो."

पसंती आली नाही. माहीमचं कोणी दुकानात आलं की काका पंख्याकडे बघत विचारायचे, "काय, तिकडं बरं हाय ना सगळं?" मग तेही थांबलं.

काल काका जेवायला गेले होते. मला प्रोजेक्टची अक्षरं बारीक करायची होती. मी घाबरत तांडेलात शिरलो आणि भलतंच बटण दाबलं. सगळं मूळपदावर गेलं. दचकून पडद्याला हात लागला नि चिठ्ठी गळून पडली. खाली खिडकीचं खरं नाव होतं, 'प्रेफरन्सेस'चं मराठी : 'पसंती'.

इतक्यात संगणक टणटणायला लागला. काकांनी तांडेलातून हुकूम सोडला होता : अनोळखी माणसाचे निरोप बंद. तो हुकूमही पुसला गेला नि तीन महिन्यांचे अडलेले निरोप एकदम आत आले.

काका दारातच उभे. "बुडवलास रे तांडेल."

"काका, चुकून झालं."

ते खुर्चीवर बसले, जाहिराती पुसत खाली खाली गेले आणि एका ओळीवर थांबले. चष्मा पुसला. पुन्हा वाचलं. मग मला म्हणाले, "अक्षर मोठं कर जरा."

"तांडेलातून?"

"नाय. एवढंच."

मी तेवढंच मोठं केलं.

'भाऊ कळवील न कळवील, म्हणून मीच लिहिते. माझी पसंती हाय. पण साखर मी जास्तच घालते. मंदा.'