सूत्रमहाल आणि सात म्हाळसा यांची हकीकत

॥ ज्याणे आधी नाती घडविली आणि नावे मागाहून दिली त्या देवास दंडवत ॥

शके सोळाशें एकूणनव्वद, संवत्सराचे नाव लिहिणारास स्मरत नाही, ते साली राज्यात समुद्र चढों लागला आणि महाराजांस दुपारचे वामकुक्षीत स्वप्न जाहले कीं, अवघी रयत हवेत तरंगते आहे आणि माणसामाणसांमध्ये रेशमाची सूत्रे लखलखतात. महाराज जागे होऊन बोलिले, "पैलतीरी नवे राज्य वसवावे, आणि कोणाचे माणूस कोणापासोन तुटों नये." मग चिटणीस त्र्यंबक नारो यांणी सूत्रमहाल बांधविला, आणि त्यात दर माणसास एक खुंटी, आणि जितकी नाती तितकी सूत्रे. ज्यांचे मध्ये सूत्र त्यांणी एका होडीत बसावे, आणि ज्याचे खुंटीस सूत्रच नाही त्यास होडीत जागा नाही, ऐसा हुकूम जाहला.

जुने दफ्तरी चाल ऐसी कीं, गाव आणि नाव मिळोन एक माणूस. खुंट्यांवर दोन्ही लिहिली. परंतु नाते लिहोन सूत्रास बांधावयाच्या चिठ्ठ्या लहान आणि कारकुनांचे हात भरोन आले, म्हणोन एका शहाण्याने चिठ्ठीवरील गाव गाळिले. वाकेघरची सगुणा तांबटीण, तिची एकच लेक म्हाळसा, करंजगावी दिलेली. चिठ्ठीवर 'सगुणेची लेक म्हाळसा' इतकेच, आणि राज्यात म्हाळसा सात! सूत्र सातांसही लागले आणि सातही बोचकी घेऊन सगुणेचे दारी उभ्या राहिल्या.

"अगं बायांनो," सगुणा म्हणाली, "मी एकदाच बाळंत झाले की गं!" परंतु दारी आल्या त्यांस पिठले-भाकर घातली, आणि चार दिवस सात जणी ओसरीवर चिंचेने भांडी घाशीत बसल्या, आणि उन्हात ते तांबे ऐसे झळके कीं समुद्र येतो आहे याचा विसर पडे.

मग चिटणीस खजील होऊन आले आणि म्हणाले, "आता खुंटीवर तैसेच चिठ्ठीवर, आधी गाव मग नाव." तेव्हां पांच जणी आपापल्या माणसांत गेल्या आणि करंजगावची लेक आईजवळ राहिली. सातवीचे गाव समुद्राने सर्वांआधी नेले, माणसांसुद्धा, दफ्तरासुद्धा. बुडाले गाव दफ्तरी लिहीत नाहीत, म्हणोन तिचे खुंटीवर गावाची जागा कोरी.

"अर्ध्या खुणेस सूत्र बांधिता येत नाही, बाई," चिटणीस म्हणाले.

"बरं," म्हणोन तिने बोचके उचलिले. "चार दिवस आई मिळाली, तेवढं पुरे."

तैं सगुणेने बोचके हिसकोन घेतले. "चिटणीसबावा, गाव म्हंजे काय हो? हाक मारली तर ओ देणारं कुणी असतं, ते गाव. लिहा तिथं, सगुणेची ओसरी."

"ऐसे गाव दफ्तरी नाही."

मामला महाराजांपाशी गेला. महाराज सूत्रांकडे पाहोन बोलिले, "समुद्राने गावे नेली तैं दफ्तरास पुसिले नाही. एक गाव आले तर का पुसावे?"

मग सगुणा दोन लेकींसह होडीत बसली.

एवंच सर्व रयत पैलतीरी पावली, खुंटी एकही मोकळी राहिली नाही. चिठ्ठीवरील गाव गाळणारा कारकून तो मीच. त्या चुकीची लाज अद्याप वाटते, परंतु ती चूक न होती तर सातवी म्हाळसा त्या दारी न येती, म्हणोन क्षमा मागत नाही आणि खाली नावही लिहीत नाही.